विश्लेषण : कंपनी निघून गेली, ब्लॉकचेन सुरूच! ‘कडेना’च्या समुदायापुढे आता कोणते पर्याय?

‘कडेना’ या ब्लॉकचेनमागच्या कंपनीने २१ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘एक्स’वर एक निवेदन प्रसिद्ध केले. बाजारातील परिस्थितीमुळे व्यवसाय पुढे चालवणे शक्य नाही, त्यामुळे सर्व कामकाज आणि ब्लॉकचेनची देखभाल तातडीने थांबवत आहोत, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर काही तासांतच ‘केडीए’ या तिच्या टोकनचा भाव निम्म्याहून अधिक कोसळला.

ब्लॉकचेन मात्र थांबली नाही. नवे ब्लॉक तयार होत राहिले, व्यवहार नोंदवले जात राहिले. एरवी कंपनीला टाळे लागले की तिचे ॲप बंद पडते, सर्व्हर बंद होतो. इथे तसे का झाले नाही? हे किती दिवस चालेल? ज्यांच्याकडे टोकन आहेत, त्यांचे काय? आणि मागे उरलेला समुदाय ही यंत्रणा सांभाळू शकेल का?

कडेना काय आहे?

स्टुअर्ट पोपजॉय आणि विल मार्टिनो यांनी २०१६ मध्ये कडेनाची स्थापना केली. दोघेही त्याआधी जेपी मॉर्गन या बड्या अमेरिकी बँकेच्या ब्लॉकचेन प्रकल्पावर काम करत होते. मार्टिनो यांनी अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाकडेही क्रिप्टोविषयक समितीसाठी तांत्रिक काम केले होते. त्यामुळे सुरुवातीपासूनच या प्रकल्पाकडे ‘बँकेतल्या अनुभवी लोकांची ब्लॉकचेन’ म्हणून पाहिले गेले.

बिटकॉइनची सुरक्षा ठेवायची, पण त्याचा संथपणा टाळायचा, हे तिचे उद्दिष्ट होते. त्यासाठी एकाऐवजी अनेक साखळ्या समांतर चालवण्याची ‘चेनवेब’ ही रचना तयार झाली. प्रत्येक साखळीचा ब्लॉक शेजारच्या साखळ्यांच्या ब्लॉकची खूण स्वतःत नोंदवतो. वेणीचे पेड जसे एकमेकांत गुंफलेले असतात, तशा या साखळ्या गुंफल्या जातात. २०१९च्या अखेरीस अशा १० साखळ्यांनी सुरुवात झाली आणि २०२० मध्ये त्या २० झाल्या. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिण्यासाठी ‘पॅक्ट’ ही स्वतंत्र भाषाही कंपनीने तयार केली.

नोव्हेंबर २०२१ मध्ये क्रिप्टो बाजार तेजीत असताना एका केडीएचा भाव २७ डॉलरच्या आसपास पोहोचला होता. कंपनी बंद होण्याची घोषणा झाली, त्याआधीच तो एका डॉलरच्या खूप खाली आला होता. विशेष म्हणजे २०२५ मध्येच कंपनीने इथेरियमशी सुसंगत नवी यंत्रणा आणण्याची तयारी चालवली होती आणि डेव्हलपरना आकर्षित करण्यासाठी ५ कोटी डॉलरच्या अनुदान योजनेची घोषणाही केली होती.

कंपनी बंद, मग ब्लॉकचेन बंद का नाही?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहणाऱ्याला हे बिल्डर आणि सोसायटीच्या उदाहरणावरून पटकन समजेल. बिल्डर इमारत बांधतो, फ्लॅट विकतो आणि पुढच्या प्रकल्पाकडे वळतो. कधी कधी त्याची कंपनीच बुडते. म्हणून इमारत पडत नाही, लोक तिथेच राहतात. मात्र लिफ्ट बिघडली, टाकी गळू लागली, तर ‘हे आता कोणी करायचे’ हा प्रश्न उभा राहतो.

कडेनाचे तसेच आहे. ही ‘प्रूफ ऑफ वर्क’ पद्धतीची ब्लॉकचेन आहे. म्हणजे नवे ब्लॉक तयार करण्याचे काम कंपनी करत नाही, तर जगभरातले स्वतंत्र मायनर करतात. ते आपली यंत्रे लावतात, विजेचे बिल भरतात आणि त्या बदल्यात त्यांना केडीए मिळतात. हे केडीए कंपनीच्या खात्यातून दिले जात नाहीत. किती नवी टोकन कोणत्या वेगाने निर्माण करायची, हे ब्लॉकचेनच्या नियमांतच लिहिलेले असते. कंपनीचे कार्यालय बंद झाले, म्हणून या नियमांत काही फरक पडत नाही.

कंपनीनेही निवेदनात हाच मुद्दा मांडला. ही ब्लॉकचेन आमच्या मालकीची नाही, ती मायनर चालवतात आणि तिच्यावरचे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट त्या त्या डेव्हलपरच्या ताब्यात आहेत, असे तिने स्पष्ट केले. तांत्रिकदृष्ट्या हे खरे आहे. पण ते पूर्ण चित्र नाही.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

अडचण देखभालीची आहे. ब्लॉकचेन चालवण्यासाठी प्रत्येक सहभागी आपल्या संगणकावर ‘नोड’ नावाचे सॉफ्टवेअर चालवतो. कडेनाच्या नोड सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळी सोय होती. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला औषधाच्या बाटलीसारखी मुदत असे. ती तारीख उलटली की नोड काम करणे थांबवायचा. सर्वांनी वेळोवेळी नवी आवृत्ती घ्यावी, जुन्या आवृत्त्यांमुळे गोंधळ होऊ नये, यासाठी ही व्यवस्था केली होती. नवी आवृत्ती देणारी कंपनी असेपर्यंत त्यात काही गैर नव्हते. कंपनीच नसेल, तर हीच सोय साऱ्या नेटवर्कला बंद पाडू शकते. म्हणूनच ‘आमच्या सहभागाशिवाय चालू राहील अशी नवी आवृत्ती देऊ, ती सर्व नोडचालकांनी लवकरात लवकर घ्यावी’, असे कंपनीला निवेदनात सांगावे लागले.

दुसरी अडचण माणसांची. नोडचे हे सॉफ्टवेअर ‘हॅस्केल’ या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले आहे. ही भाषा काटेकोर मानली जाते, पण ती जाणणारे डेव्हलपर जावा किंवा पायथॉनच्या तुलनेत फारच थोडे आहेत. कोड सर्वांसाठी खुला आहे, तो कोणीही वाचू आणि बदलू शकतो. परंतु त्यात दोष सापडला तर तो समजून घेऊन, २० साखळ्यांवर परिणाम न होऊ देता दुरुस्त करणारी माणसे हवीत. आजवर त्यांचे पगार कंपनी देत होती.

तिसरी अडचण रोजच्या वापरातली. सामान्य वापरकर्ता स्वतःचा नोड चालवत नाही. त्याच्या मोबाइलमधले वॉलेट इंटरनेटवरील एखाद्या सार्वजनिक नोडशी बोलते आणि शिल्लक दाखवते. असे सार्वजनिक नोड कंपनी स्वतःच्या खर्चाने चालवत होती. ते बंद झाले आणि पर्याय उभा राहिला नाही, तर ब्लॉकचेन सुरू असूनही वॉलेटवर शिल्लक दिसणार नाही. पैसे जागेवर असतील, मात्र तिथवर पोहोचायचा रस्ता नसेल.

चौथी अडचण एक्स्चेंजची. एखाद्या टोकनची खरेदी-विक्री सुरू ठेवायची तर एक्स्चेंजला त्याचा नोड चालवावा लागतो, बदलांवर लक्ष ठेवावे लागते आणि काही बिघडले तर कोणाला फोन करायचा हे माहीत असावे लागते. ते नसेल तर एक्स्चेंज जोखीम घेत नाही. जगातील सर्वात मोठे एक्स्चेंज असलेल्या बायनान्सने नोव्हेंबर २०२५ मध्ये केडीएला आपल्या यादीतून काढून टाकले. मोठी एक्स्चेंज बाहेर पडली की खरेदीदार कमी होतात, भाव आणखी घसरतो आणि उरलेली एक्स्चेंजही तोच विचार करू लागतात.

सुरक्षेचा धोका कसा वाढतो?

प्रूफ ऑफ वर्क ब्लॉकचेनची सुरक्षा मायनरांच्या एकूण संगणकीय ताकदीवर अवलंबून असते. एकाच व्यक्तीच्या किंवा गटाच्या हाती निम्म्याहून अधिक ताकद आली, तर तो आधी झालेले व्यवहार मागे फिरवून तेच टोकन दुसऱ्यांदा खर्च करू शकतो. याला ‘५१ टक्के हल्ला’ म्हणतात. नेटवर्क मोठे असेल तर असा हल्ला परवडत नाही. ते लहान होत गेले, की हल्ल्याचा खर्चही कमी होत जातो.

मायनरचे गणित सरळ असते. टोकनचा भाव दहा टक्क्यांवर आला, तर त्याची कमाईही दहा टक्क्यांवर येते. विजेचे बिल मात्र तेवढेच राहते. मग यंत्र बंद करण्यावाचून पर्याय उरत नाही.

कडेनाच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. तिच्या मायनिंगसाठी खास बनवलेली यंत्रे वापरली जातात आणि ती बिटकॉइनसाठी चालत नाहीत. त्यामुळे काही मायनर दुसरा उपाय नाही म्हणून तोट्यातही टिकून राहू शकतात. परंतु यंत्रे भंगाराच्या भावात विकली जाऊ लागली, तर वाईट हेतू असलेल्या माणसालाही ती स्वस्तात मिळतात. एकमेकांत गुंफलेल्या साखळ्यांमुळे एकाच साखळीवर हल्ला करणे अवघड असते, हा चेनवेबचा फायदा आहे. तरीही नेटवर्कची एकूण ताकदच आटली, तर या गुंफणीचा आधारही कमी पडतो.

पैसा अजून शिल्लक आहे का?

टोकनच्या स्वरूपात आहे. केडीएची कमाल संख्या १०० कोटी ठरवलेली आहे. त्यातील ७० टक्के वाटा मायनरांसाठी राखीव असून तो सुमारे १२० वर्षांत वाटला जाणार आहे. कंपनीच्या ऑक्टोबर २०२५च्या निवेदनानुसार ५६ कोटी ६० लाखांहून अधिक केडीए तेव्हा मायनरांना द्यायचे बाकी होते आणि ही प्रक्रिया २१३९ पर्यंत चालणार आहे. याशिवाय ८ कोटी ३७ लाख केडीए तेव्हा ‘लॉक’ होते, ते नोव्हेंबर २०२९ पर्यंत टप्प्याटप्प्याने मोकळे होतील.

कागदावर हे आकडे दिलासा देणारे वाटतात. प्रत्यक्षात त्यांना दुसरी बाजू आहे. मायनरांसाठीची टोकन मायनरांनाच मिळणार. त्यातून डेव्हलपरचा पगार किंवा सर्व्हरचे भाडे आपोआप निघत नाही. शिवाय मागणी नसताना नवी टोकन बाजारात येत राहिली, तर भावावरचा दबाव वाढतो. २१३९ पर्यंतचे बक्षीस ठरलेले आहे, मात्र पुढच्या महिन्याच्या देखभालीसाठी निधी कोणाकडे आहे, याचे उत्तर नियमांत नाही. सोसायटीच्या भाषेत सांगायचे, तर इमारतीचा एफएसआय शिल्लक आहे, देखभाल निधी नाही.

याआधी असे कुठे घडले आहे?

पहिले उदाहरण खुद्द बिटकॉइनचे. ‘बिटकॉइन फाउंडेशन’ ही संस्था २०१२ मध्ये स्थापन झाली आणि प्रमुख डेव्हलपरना ती मानधन देत असे. एप्रिल २०१५ मध्ये ही संस्था जवळपास दिवाळखोर झाल्याचे तिच्याच संचालक मंडळातील एका सदस्याने जाहीर केले. त्याच महिन्यात अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या डिजिटल चलन उपक्रमाने गॅविन अँड्रेसन, व्लादिमीर व्हॅन डर लान आणि कोरी फील्ड्स या तीन डेव्हलपरना काम दिले. पुढे अनेक कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था स्वतंत्रपणे बिटकॉइनच्या डेव्हलपरना निधी देऊ लागल्या. एकाच संस्थेवर अवलंबून राहण्याची गरज संपली. अर्थात, तेव्हा बिटकॉइनचा वापर आणि दबदबा इतका होता की मदतीला येणारे भेटले.

दुसरे उदाहरण ‘इथेरियम क्लासिक’चे. जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या निधीतून हॅकरने सुमारे ३६ लाख इथर वळवले. ते परत मिळवण्यासाठी २० जुलै २०१६ रोजी इथेरियमच्या नोंदींत बदल करण्यात आला. इथेरियम फाउंडेशन या नव्या साखळीसोबत गेले. ‘एकदा झालेली नोंद बदलायची नाही’ असे मानणारा छोटा गट जुन्याच साखळीवर राहिला, तीच इथेरियम क्लासिक. नाव, निधी, बहुतेक डेव्हलपर सगळे दुसरीकडे गेले होते. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यासाठी काम करणारा ‘ईटीसीडेव्ह’ हा प्रमुख गट पैशांअभावी बंद पडला. पुढच्याच महिन्यात तिच्यावर ५१ टक्के हल्ला झाला. ऑगस्ट २०२० या एका महिन्यात तर असे तीन हल्ले झाले. तरीही ती संपली नाही. वेगळ्या गटांनी सॉफ्टवेअरची जबाबदारी उचलली, हल्ल्यांना आळा घालणारे बदल झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंग बंद केल्यावर तिथले अनेक मायनर क्लासिककडे आले आणि तिची ताकद वाढली.

तिसरे उदाहरण ‘हाइव्ह’चे. ‘स्टीम’ या ब्लॉकचेनमागची कंपनी फेब्रुवारी २०२० मध्ये ‘ट्रॉन’चे संस्थापक जस्टिन सन यांनी घेतली. कंपनीकडे असलेल्या मोठ्या टोकनसाठ्याच्या जोरावर ब्लॉकचेनचे नियंत्रण एका हाती जाईल, ही भीती समुदायाला वाटली. वाद वाढल्यावर २० मार्च २०२० रोजी समुदायाने कोडची प्रत घेऊन हाइव्ह ही स्वतंत्र साखळी सुरू केली. कंपनीच्या त्या वादग्रस्त साठ्याचा वाटा नव्या साखळीत कंपनीला मिळाला नाही, तो सामुदायिक निधीत गेला. कोणत्या कामाला पैसे द्यायचे, हे तिथे टोकनधारक मतदानाने ठरवतात.

या तीन उदाहरणांतून दिसते ते असे, की संस्था गेल्यानंतर ज्या समुदायांनी पैशांची नवी व्यवस्था लावली, ते टिकले. बिटकॉइनला बाहेरून निधी मिळाला, हाइव्हने आतून उभा केला. इथेरियम क्लासिकला ती घडी बसेपर्यंत हल्ले सोसावे लागले.

कडेनाच्या समुदायापुढे कोणते पर्याय?

व्यवहार थांबवून जुन्या मालकांची वाट पाहण्यात अर्थ नाही. कंपनीने संक्रमणासाठी काही काळ छोटा चमू ठेवण्याचे आणि समुदायाच्या हाती कारभार देण्याबाबत चर्चा करण्याचे सांगितले होते. त्यापुढचे काम समुदायाचेच आहे.

पहिला पर्याय, काही मोठ्या मायनरांनी आणि ॲप चालवणाऱ्यांनी वर्गणी काढून दोन-चार डेव्हलपर ठेवणे. हा सर्वात साधा मार्ग आहे, मात्र वर्गणी देणाऱ्यांच्या कलाने निर्णय होण्याचा धोका त्यात असतो. दुसरा पर्याय, नियमांत बदल करून मायनरांच्या बक्षिसातील छोटा हिस्सा देखभाल निधीत वळवणे. तो टिकाऊ ठरू शकतो. पण आधीच तोट्यात असलेल्या मायनरांना त्यासाठी राजी करावे लागेल, नाही तर साखळीच दुभंगण्याची शक्यता असते. तिसरा पर्याय, नवे काही न करता फक्त नेटवर्क जिवंत ठेवणे. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. मात्र देखभाल नसलेल्या नेटवर्कवर कोणी नवे ॲप बांधत नाही आणि वापर नसेल तर मायनरही फार काळ थांबत नाहीत.

भारतीय टोकनधारकांनी काय लक्षात ठेवावे?

भारतात क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या व्यवहारांवर एक टक्का टीडीएस लागू आहे. तोट्याबाबतचा नियम मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. एका टोकनमधला तोटा दुसऱ्या टोकनच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. समजा, एखाद्याने एक लाख रुपयांचे केडीए घेतले आणि ते १० हजारांना विकले. त्याच वर्षी त्याला बिटकॉइनमध्ये ५० हजारांचा नफा झाला. एकूण हिशेबात तो ४० हजारांनी तोट्यात आहे. तरीही ५० हजारांवर १५ हजार रुपये कर आणि त्यावर उपकर त्याला भरावाच लागेल.

दुसरे, एक्स्चेंज एखादे टोकन यादीतून काढते तेव्हा ते बाहेर काढून घेण्यासाठी मुदत देते. ती ई-मेलवर कळवली जाते आणि जाहिरातींच्या गर्दीत अनेकदा नजरेआड होते. कडेनावर २० साखळ्या असल्याने कोणत्या क्रमांकाच्या साखळीवर टोकन जात आहेत आणि समोरचे वॉलेट ती साखळी स्वीकारते का, हे पाठवण्याआधी तपासणे आवश्यक आहे. आधी छोटी रक्कम पाठवून पाहणे केव्हाही चांगले.

तिसरे, अशा अनिश्चिततेच्या काळात ‘जुनी टोकन द्या, नवी घ्या’ किंवा ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे संदेश देणारे भामटे सक्रिय होतात. वॉलेटचे १२ किंवा २४ शब्दांचे गुप्त वाक्य कोणतीही खरी संस्था मागत नाही. ते मागितले की तिथेच थांबावे.

कोणतेही टोकन घेताना त्याचा भाव आणि तंत्रज्ञान सगळेच पाहतात. कडेनाच्या अनुभवानंतर आणखी तीन गोष्टी तपासायला हव्यात. सॉफ्टवेअरची देखभाल किती जण करतात, त्यांना पैसे कोण देते आणि तो देणारा उद्या निघून गेला तर ते काम कोण करणार? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच कंपनीच्या नावात सापडत असेल, तर त्या टोकनचे भवितव्यही त्या कंपनीच्या ताळेबंदाशी बांधलेले आहे, असे समजायला हरकत नाही.